भाऊजींचं वाक्य पुरं होऊ द्या

माझे भाऊजी रुपराव ढोमणे यांच्यासमोर कोणी स्वतःचं वाक्य पुरं केल्याचं मला आठवत नाही. समोरच्यानं "काल मी बाजारात..." एवढं म्हणावं, की भाऊजींनी "वांगे महाग झाले, मालूम आहे" म्हणून ते तिथंच मिटवावं. लग्नात तेच, मयतीत तेच, दवाखान्याच्या रांगेतही तेच. माझी मोठी बहीण पुष्पलता त्यांच्या घरी दिली तेव्हा आमचे वडील तिला म्हणाले होते, "पोरी, तुले आता बोलायचे कष्ट नाही."

धरमपेठेतल्या एका गल्लीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. आधी टाइपरायटर, पुढे कॉम्प्युटर. गाळा स्वतःचा. टाइपरायटरच्या काळात सगळ्या यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून शिकवावं लागे, त्यामुळे त्यांचा गळा कायमचा मोठा झाला होता. घरी ताटावर बसून मीठ मागितलं तरी शेजारच्यांना कळत असे. गंमत अशी की क्लासात पोरांना मात्र बोलायची बंदी होती. ‘येथे बोलू नये’ अशी पाटी भिंतीवर होती, आणि तिच्याखाली उभा राहून सबंध दिवस एकटा माणूस बोलत असे.

खर्रा खाणाऱ्याला नागपुरात कोणी कारण विचारत नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात ठेवायचा, ही आमच्याकडे सवय कसली, रीतच आहे. पण भाऊजींकडे कारणही होतं. मी एकदा खर्रा सोडा म्हणालो तर म्हणाले, "बिडीले एक हात लागते गा, चहाले एक हात लागते. खर्ऱ्याले हात लागतच नाही. गालात ठेवला की दोन्ही मोकळे. टायपिंगवाल्याले याच्यासारखी सोय नाही."

गेल्या वर्षी त्या सोयीनं त्यांची जीभ खाल्ली. कडेला फोड आला, तो चिघळला, डॉक्टरांनी तपासून कॅन्सर सांगितला आणि जीभ काढली. मला याचा अजून राग येतो. खर्ऱ्याचा येतो, भाऊजींचा येतो, आणि मुख्य म्हणजे देवानं नेमकी जीभच निवडली याचा येतो. हात-पाय, डोळे, कान, डोकं, सगळं जागच्या जागी. तोंडातून आवाजही निघायचा, पण त्या आवाजाला शब्दाचा आकार नव्हता. पहिल्यांदा तो आवाज ऐकून ते स्वतःच इतके घाबरले की पुन्हा त्यांनी तोंड उघडायचं सोडलं.

दवाखान्यातून मनीषनगरच्या घरी आले तेव्हा त्यांना पाटी आणून दिली. पण ज्याचा जन्म बटणांवर गेला त्याचं अक्षर कसं असणार? कोंबडीचे पाय. ते आपणच लिहीत, आपणच वाकून पाहत आणि आपणच पुसत. मग त्यांचा मुलगा रजत, जो मिहानमधल्या एका कंपनीत आहे, त्यानं नवा मोठा फोन आणला. "बाबा, याच्यावर टाइप करा. तुमचं तं कामच आहे हे."

आता इथं लोकांचा घोटाळा होतो, म्हणून नीट सांगतो. टायपिंग मास्तरला अक्षरं कुठं आहेत हे माहीत नसतं. त्याच्या बोटांना माहीत असतं. भाऊजींना पूर्वी कोणी विचारलं, ‘म’ कुठं आहे, तर त्यांना सांगता यायचं नाही. ते डोळे मिटून दोन्ही हात हवेत धरायचे, त्यातलं एक बोट आपोआप हलायचं, आणि मग म्हणायचे, "हे पाहा, इथं." आठ बोटं मधल्या ओळीवर टेकलेली, नजर कागदावर, हाच त्यांचा धडा. कीबोर्डकडे पाहणाऱ्या पोराच्या हातावर ते रुमाल टाकत. फोनवर यातलं काहीच चालत नाही. तिथं अक्षरं क, ख, ग अशी पहिलीच्या पुस्तकासारखी मांडलेली, आणि काच सपाट. बोट टेकवलं की अक्षर उमटलं. टेकायला जागाच नाही. चष्मा नाकाच्या टोकावर आणून, एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत हा माणूस लिहायला लागला. चुकलं की खोडायचा, खोडताना जास्त खोडलं जायचं, आणि दोन अक्षरं झाली की फोन वर तीन शब्द सुचवायचा. त्या तीनपैकी त्यांना हवा असलेला शब्द कधीच नसे.

फोनचं एक वेळ ठीक आहे, तो यंत्र आहे. पण घरातली माणसंही तशीच झाली. सगळ्यात जास्त माझी बहीण.

एकदा दुपारी मी गेलो होतो. भाऊजी फोनवर वाकलेले. ताई त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. त्यांनी ‘कु’ लिहिलं.

"कूलर? कूलर लावू?" ताई म्हणाली.

त्यांनी मान हलवली, नाही.

"मंग कुरडई? कुरडई तं तुमच्यानं खाल्ली जाणार नाही नं हो."

त्यांनी पुन्हा मान हलवली आणि फोनकडे बोट दाखवलं, म्हणजे थांब. ताई थांबली, पण किती? "गरमी होऊन राहिली असंन," म्हणून तिनं कूलर लावलाच. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलो नाही. दारं-खिडक्या उघड्या असलेल्या घरात कोंडलेला माणूस कसा पाहतो, तशी ती होती. मग त्यांनी फोन उपडा ठेवला आणि कूलरच्या ओल्या वाऱ्यात बसून राहिले.

ताई दुष्ट नव्हती. उलट तिनं त्यांच्यासाठी खिचडी पातळ करून, गाळून, चमच्या-चमच्यानं भरवून त्यांना जगवलं होतं. तिला वाटे, बिचाऱ्यांना त्रास कशाला, आपणच ओळखावं. ओळखता ओळखता तिनं त्यांच्यासाठी एक वेगळीच भाषा करून टाकली, जिच्यात पाणी, पंखा, कूलर, गोळी आणि झोप एवढेच शब्द होते. सगळे त्यांना हो किंवा नाही म्हणता येईल असंच विचारत. हो-नाही मानेनं होतं. पण "काहून?", म्हणजे का, या प्रश्नाला मान पुरत नाही.

जेवताना तर बघवत नसे. समजा रजत म्हणाला, अमक्याच्या पोराला नोकरी लागली. भाऊजी लगेच फोन घेत. त्यांना त्या पोराच्या बापाविषयी काहीतरी खमंग सांगायचं असणार, मला त्यांच्या भुवयांवरून कळायचं. ते हुडकत, खोडत, पुन्हा हुडकत. इकडे बोलणं नोकरीवरून रस्त्याच्या खोदकामावर आणि तिथून आंब्यांवर जाई. मग सगळ्यांचे फोन वाजत. घरच्या ग्रुपवर भाऊजींचा मेसेज. रजत वाचून म्हणे, "हे कायच्याबद्दल आहे, बाबा?" विनोद समजावून सांगायचा तर पुन्हा तेवढंच लिहायचं. भाऊजी हातानं ‘सोड’ म्हणत. हळूहळू त्यांनी फोन घेणंच कमी केलं. भेटायला येणारे तर त्यांच्याशी मोठ्यानं बोलत, जणू कान गेलेत. आमचे एक नातेवाईक गणपतराव प्रश्न विचारायचे, स्वतःच उत्तर द्यायचे आणि "बरं बोलणं झालं" म्हणून समाधानानं घरी जायचे.

अशात रजतनं क्लासचं काढलं. गाळा कुलपात पडलेला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकणारा हर्षित नावाचा एक मुलगा तो भाड्यानं मागत होता. रजतचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. बापाला दवाखान्यात नेणं-आणणं त्यानंच केलं होतं. जेवणं झाल्यावर त्यानं नीट समोर बसून विचारलं, "बाबा, देऊन टाकू नं गाळा? मशिनी बी विकून टाकू."

भाऊजींनी मान हलवली. नाही.

"काहून, बाबा?"

भाऊजींनी फोन घेतला. या वेळी त्यांना मान हलवून भागवायचं नव्हतं, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. सांगायचं बरंच होतं आणि ते आत्ताच सांगायला हवं होतं. ते हुडकायला लागले. रजत थांबला होता, पण त्याला कंपनीतून फोन आला आणि तो बोलत गॅलरीत गेला. ताई म्हणाली, "त्यांच्या मनाले लागते रे. पण करायचं काय? शिकवणार कसे?" मी म्हणालो, "ताई, लिहू दे नं वं त्यायले." भाऊजींनी एक ओळ लिहिली. फोननं तिच्यातला एक शब्द बदलला. त्यांनी खोडलं. सगळीच ओळ गेली.

मग त्यांनी जे केलं ते पाहून मी दचकलो. फोन त्यांनी टेबलावर आडवा ठेवला. पाठ ताठ केली. डोळे मिटले. आणि दोन्ही हातांची बोटं काचेवर ठेवून भराभर टाइप करायला लागले. खरंखुरं टाइप, क्लासातल्यासारखं. चेहऱ्यावर किती महिन्यांनी मोकळेपणा आला होता. बराच वेळ त्यांची बोटं चालली. डोळे उघडून त्यांनी पाहिलं तर काचेवर नुसता चिखल. ककककतनसससटट, असं पानभर.

रजत तेवढ्यात आत आला. त्यानं फोन उचलला, वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मामा, बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला का?"

हळूच म्हणाला, पण भाऊजींचे कान शाबूत होते. ते उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. मी तिथंच बसलो, आणि खरं सांगतो, मला रडू आलं. दुसऱ्या दिवसापासून घरात त्यांच्याबद्दलचं बोलणं त्यांच्यासमोरच पण त्यांना वगळून व्हायला लागलं. हर्षितला गाळा दाखवायचं ठरलं ते असंच ठरलं.

त्या दिवशी भाऊजी आपले आपण शर्ट घालून गाडीत येऊन बसले. ताई म्हणाली, "तुमी कायले? तुमाले तरास होईन." ते उतरले नाहीत. म्हणून मग आम्ही सगळेच गेलो.

शटर वर गेलं. आत धुळीचा वास, आणि कापडं पांघरून ओळीनं ठेवलेली यंत्रं. हर्षित मापं घ्यायला लागला. काउंटर कुठं, काचेचं कपाट कुठं. रजत त्याला लाइटची जोडणी दाखवत होता. भाऊजी सरळ भिंतीकडच्या आपल्या टेबलाशी गेले, कापड काढून नीट घडी करून ठेवलं, मशीन चालू केलं आणि बसले. मशीन जुनं, सुरू व्हायला वेळ लागला. तेवढ्या वेळात त्यांनी आपल्या रुमालानं कीबोर्ड पुसला.

मग आवाज सुरू झाला. बटणांचा आवाज. हर्षितनं टेप हातात तशीच धरून वळून पाहिलं. आम्ही सगळे त्यांच्या मागे जाऊन उभे राहिलो. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ओळी येत होत्या, आणि मी जुना शाळामास्तर, मी मोठ्यानं वाचायला लागलो, कारण कोणीतरी वाचायला हवं होतं.

"काहून म्हणून तू विचारलं होतं, रजत. आता ऐक. माझं डोकं जागच्या जागी आहे. जीभ गेली, डोकं नाही गेलं. त्या दिवशी काचेवर बोटं टेकवली म्हणून तसं झालं. माझी बोटं टेकल्याबिगर चालत नाही, हे माझ्या घरात कोणाले माहीत नाही, याचं मले वाईट वाटते."

"अहो, तसं नाही, तुमाले म्हणायचं असंन का..." ताईनं सवयीनं तोंड उघडलं, पण पुढचं काय असेल ते ओळखायला तिला सवडच मिळाली नाही. पुढचं आधीच येऊन बसलं होतं.

"घरी तुमी सारे बोलता अन् मी मुका आहो. इथं कोणीच बोलत नाही. इथं येणारा हरेक जण चूप बसते अन् बोटं चालवते. सारी उमर मी इथं एकटा बोललो, आता मी बी चूप बसीन. पण इथं मी मुका नाही. हे गेलं तं मले बसाले जागा कुठं आहे ते सांग. पुष्पा, त्या दिवशी मले कूलर नोको होता. कुलपाची चावी कोणापाशी आहे ते इचारून राहिलो होतो."

बटणं थांबली. भाऊजींना धाप लागली होती. ताईनं पदर तोंडाला लावला. रजत विद्यार्थ्याच्या स्टुलावर बसला, तोंड खाली घालून. हर्षितनं टेप गुंडाळून खिशात टाकली आणि म्हणाला, "काका, आपलं काही टेन्शन नाही. गाळे लय आहेत. पण स्पीड काय आहे राव तुमची!"

थोड्या वेळानं रजतनं विचारलं, "बाबा, पण पोरं येतील का शिकाले? आता सारे फोनवरच..."

त्यानं वाक्य पुरं करेपर्यंत भाऊजी थांबले. मग त्यांनी टाइप केलं, "माहीत नाही."

क्लास उघडला. क्लार्कच्या नोकरीला अजून टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून दोन-तीन पोरी येतात. भाऊजी मागे उभे राहून बघतात, खाली पाहणारीच्या हातावर अजून रुमाल टाकतात, आणि काही सांगायचं असलं की बाजूच्या मशीनवर लिहून दाखवतात. पण यानं सगळं छान झालं असं कोणी समजू नये. दिवसाचे थोडेच तास तो गाळा असतो. घरी परत आले की पुन्हा तीच काच, तेच एक बोट. रजतनं एक कीबोर्ड घरीही आणून ठेवला, पण घरात लोक टेबलाभोवती बसत नाहीत, हिंडत-फिरत बोलतात. भाऊजी लिहून मान वर करेपर्यंत खोली रिकामी असते. सुधारलं असलं तर एवढंच, की ‘कूलर?’ विचारल्यावर ताई आता स्वतःच ओशाळते.

भाऊजींना थोडं-थोडं करून खावं लागतं, म्हणून ताई रोज डबा घेऊन क्लासात जायला लागली. तिथं बसून राहायची आणि अर्थात बोलायची. पोरी गालातल्या गालात हसायच्या. एक दिवस भाऊजींनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ताई चिडली. "मंग मी काय करू इथं बसून?" तर त्यांनी तिला हाताला धरून एका मशीनसमोर बसवलं आणि तिची बोटं मधल्या ओळीवर एकेक करून टेकवून दिली. माझी सातवी शिकलेली बहीण म्हातारपणी टायपिंग शिकायला लागली. तिला तासभर गप्प बसवणं आमच्या आई-बापाला जमलं नव्हतं, तिच्या नवऱ्याला तर तिची वाक्यं तोडता येत होती तेव्हाही जमलं नव्हतं. मी तिला चिडवलं, "ताई, परीक्षा देतं का वं?" ती म्हणाली, "तू चूप बस."

परवा मी तिकडून जाताना डोकावलो. कॅन्सर परतला का म्हणून भाऊजींची तपासणी होऊन आठवडा झाला होता आणि रिपोर्ट यायचा होता. पोरी आपापलं टाइप करत होत्या. ताई धडा गिरवत होती. भाऊजी तिच्या शेजारी येऊन बसले, त्यांनी तिचा कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि लिहिलं, ‘पुष्पा.’

ताईनं तोंड उघडलं. पाणी का, गोळी का, तिच्या ओठावर आलेलं मला दिसलं. मग तिनं पाटीकडे पाहिलं आणि ओठ मिटले. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, ती खरंच थांबली आहे का याची खात्री केली. तरीही त्यांनी लगेच लिहिलं नाही. जो माणूस पापणी लवायच्या आत ओळ उतरवतो, त्याला तीन शब्द लिहायला वेळ लागला.

‘मले भेव लागते.’

इतके महिने आम्ही सगळ्यांनी त्यांच्यासाठी किती शब्द ओळखले, सुचवले, त्यांच्या तोंडात घातले. हे वाक्य आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. ताई ते वाचत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. तिला बोलता येत होतं, तिथं बोलली असती तर पोरींनीही काही म्हटलं नसतं. पण तिनं कीबोर्ड परत आपल्याकडे घेतला, बोटं मधल्या ओळीवर टेकवली आणि अक्षरं हुडकायला लागली. ‘म’ सापडला. बऱ्याच वेळानं ‘ल’ सापडला. मात्रा शोधताना तिनं दोनदा चूक केली आणि खोडलं.

भाऊजींना सगळी अक्षरं माहीत होती, त्यांच्या बोटांना तर होतीच. त्यांनी एकही दाखवलं नाही. ते हात मांडीवर ठेवून तिच्याकडे पाहत बसले. पोरींचा तास संपला, त्या चपला घालून निघून गेल्या. स्क्रीनवर त्यांच्या ओळीखाली ‘मले’ एवढंच आलं होतं, आणि ताई ‘बी’तला ‘ब’ शोधत होती.